चार छत्तीसची प्रत

फोन वाजला तेव्हा सुषमा वरठाच्या हातात अर्धा वडापाव होता. तलासरी पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक म्हणून आल्यापासून तिला दुपारचं जेवण वेळेवर जेवताना कोणी पाहिलं नव्हतं. आज ते साडेपाचला मिळालं, तेही अर्धंच.

"मॅडम, बाजारात या. लवकर या. पोरगं मेलंय." पलीकडं पांड्या चहावाला होता.

"कोणाचं पोरगं?"

"सुरज हो. माझ्या टपरीच्या वर गाण्यांचा स्टुडिओ नाही का, तिथला. वर बाई नुसती किंचाळतेय."

वडापाव टेबलावरच राहिला. नंतर तो कोणी खाल्ला देव जाणे.

स्टुडिओ म्हणायचं म्हणून म्हणायचं. एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या आणि अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेले, खिडकी कायमची बंद. टेबलावर कम्प्युटर आणि दोन स्पीकर, कोपऱ्यात माइक. टेबल आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत सुरज पालथा पडला होता. वय पंचवीस. डोक्यावर मागून एकच घाव. शेजारी माइकच्या स्टँडचा लोखंडी पाया होता आणि त्याला जे लागलं होतं ते बघून बरोबरचा हवालदार रविंद्र बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला.

जिन्यात जयश्री बसली होती. ही गाणारी. सव्वापाचला लाइट आल्याचं कळलं म्हणून ती रेकॉर्डिंगला आली आणि दार ढकललं तर हे.

"दार उघडं होतं?"

"नुसतं लोटलेलं होतं, मॅडम. मी हाक मारली. मग पाय दिसले." आणि ती पुन्हा रडायला लागली.

सुषमानं खोलीत नजर फिरवली. तिला एक खोड होती. कामाचं काय आणि बिनकामाचं काय, हे ती आधी ठरवत नसे, सगळंच लिहून घेई. खुर्ची मागं सरकलेली. कम्प्युटर बंद. कीबोर्डवरची सगळी अक्षरं धड, फक्त एस झिजून पार पुसलेला. कम्प्युटरच्या पुढच्या भोकात खुपसलेली फोनची एक केबल, तिचं दुसरं टोक मोकळं लोंबतंय. टोकाला जुन्या फोनला लागते तसली पिन.

"त्याच्या चार्जरची असेल," रविंद्र जिन्यातूनच म्हणाला.

सुरजचा फोन त्याच्या खिशात होता. नवा कोरा, मागच्या महिन्यात घेतलेला. सुषमानं केबलही लिहून घेतली.

खोलीला दोन वाटा होत्या. पुढचा जिना पांड्याच्या टपरीशेजारी उतरायचा. मागं एक लोखंडी जिना होता, तो मोटरसायकली लावायच्या गल्लीत जायचा.

"वीज कधी गेली होती?" तिनं खाली येऊन विचारलं.

"चार एक्केचाळीस," पांड्या म्हणाला. "माझ्या फ्रिजच्या जिवावर येतं ना, मी बरोबर घड्याळ बघतो. आली पाच दहाला. पण मॅडम, तुम्ही विजेचं काय विचारता? काकड्याला धरा की."

"कोण काकड्या?"

"उधव्याकडच्या पाड्यातला. सव्वातीनला वर गेला आणि काय ओरडला म्हणता! सगळ्या बाजारानं ऐकलं. 'तुला सोडत नाही' म्हणत होता. चार वाजून दहा मिनिटांनी खाली आला, माझ्या बाकड्यावर बसला. बाई किंचाळली तसा धूम पळाला."

"चार दहापासून सव्वापाचपर्यंत तो इथंच होता?"

पांड्यानं डोकं खाजवलं. "बसलेला होता खरा. पण मी काय त्याला राखत बसलो होतो का? गिऱ्हाईक असतं. मधे उठला असेलही."

दिवेलागणीला काकड्या उधव्याच्या नाक्यावर सापडला. खिशात एक पेन ड्राइव्ह, त्यावर चिकटपट्टीवर सुरजच्या अक्षरात लिहिलेलं, 'हाल्याबाबा'.

मोठ्या साहेबांनी फाइल मिटली. "भांडण झालं, धमकी दिली, पळाला, चोरीचा माल खिशात. आणखी काय पाहिजे, वरठा? उद्या तीनला डहाणूच्या कोर्टात उभा करा."

"सर, मला एकदा बोलू द्या त्याच्याशी."

"बोला. पण तुमच्यातला आहे म्हणून बोलू नका."

सुषमाच्या डोक्यात तिडीक गेली. तीही वारलीच होती, आणि हे वाक्य तिनं नोकरीच्या सहा वर्षांत किती वेळा ऐकलं त्याची गणती नव्हती. ती "हो सर" म्हणाली आणि खाली गेली.

ठाण्याच्या ओट्यावर काकड्याची बायको रूपी बसली होती. कोणाला काही विचारत नव्हती, कोणी उठवलं तर उठायची, परत तिथंच येऊन बसायची.

काकड्या चाळिशीतला, हाडकुळा, आयुष्यभर दुसऱ्याच्या वाडीत राबलेला माणूस.

"सुरजशी भांडलास?"

"भांडलो."

"का?"

"बाबाचा तारपा त्यानं गाण्यात घातला, बाय."

बाबा म्हणजे त्याचा बाप, हाल्या. पंचक्रोशीतला शेवटचा नावाजलेला तारपकरी. मागच्या दिवाळीला सुरज आपल्या आईला घेऊन पाड्यात आला होता. म्हाताऱ्यानं आपला भोपळ्याचा तारपा फुंकला, सुरजनं तो रेकॉर्ड केला आणि शब्द दिला की हे घरासाठी, विकायला नाही. फाल्गुनात म्हातारा गेला.

"आठ दिवसांपूर्वी उधव्याला मोबाइलच्या दुकानात गाणं लागलं. नवीन येणार आहे त्याचा तुकडा. गाणं सुरू झालं आणि पहिलाच आवाज बाबाचा! मी तिथंच खाली बसलो. शेतात भाताला अजून लोंबी नाही, नवं देवाला दाखवलं नाही, आणि मेलेला माणूस तारपा वाजवतोय. तू सांग बाय, आपल्यात वाजतो का असा? पाड्यातली माणसं माझ्या दारात आली. म्हणाली, पीक गेलं तर तुझ्या बापामुळं."

सुषमाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या पाड्यातही नवं भात दाखवल्याशिवाय तारपा खुंटीवरून निघत नसे.

"मग आज काय झालं?"

"सकाळी निरोप धाडला होता की येतो. गेलो, ओरडलो. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, काका, चूक झाली, मी घालू दिला. कोणी घातला ते बोलला नाही. माझ्यासमोर काढला. मग एक बटण दाबलं आणि म्हणाला, सेव्ह केलं, आता लाइट गेली तरी हे असंच राहणार. ही काडी दिली. म्हणाला, बाबा यात आहेत, घरी न्या."

"मग खाली का बसलास?"

"गाडी सहाला होती."

"आणि पळालास का?"

"दोन तासांपूर्वी मीच ओरडत होतो ना! बाई किंचाळली तशी सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. थांबलो असतो तर जिवंत ठेवलं असतं मला?"

सुषमानं तेही लिहून घेतलं.

"वर कोणी गेलं, कोणी आलं? पाहिलंस?"

"पुढनं कोणी नाही." मग म्हणाला, "बाय, मला काय करायचं ते करा. पण सुरजच्या आईला सांगा की मी नाही मारलं. तिनं बाबाच्या पायाला हात लावला होता. ती मला शाप देत बसली असेल, तेवढं मला सहन होत नाही."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला स्टुडिओच्या दाराशी एक गोरा, जाडसर माणूस सीलकडं बघत उभा होता. नाव किशोर माच्छी. स्टुडिओ त्याचा, डहाणूत डीजेचा धंदाही त्याचाच.

"मॅडम, फक्त पाच मिनिटं कम्प्युटर चालू करू द्या. गाणं वाचवतो आणि जातो."

"माणूस मेलाय तुमचा. गाणं कसलं वाचवताय?"

"माणसाचं वाईट वाटतंच हो! पण मुंबईच्या कंपनीला आज संध्याकाळी गाणं द्यायचंय. लाइट गेली तेव्हा ते उघडं असणार. चालू केलं की विचारेल, अर्धवट राहिलेलं उघडू का. 'नाही' म्हणायचं आणि जुनं पाठवून द्यायचं."

"आणि 'नाही' म्हटलं की अर्धवट राहिलेलं काय होतं?"

"जातं ते. जाऊ दे की. कोणाला पाहिजे?"

"मला पाहिजे," सुषमा म्हणाली. "दाराला हात लावलात तर आत टाकीन."

किशोरचा चेहरा उतरला. काल दुपारभर तो डहाणूला गणपतीच्या मंडपाच्या बैठकीत होता, चाळीस माणसं साक्षीला. तिनं विचारायच्या आधीच त्यानं तीनदा सांगितलं.

"तारपा काढणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"सकाळीच फोन आला सुरजचा. मी शिव्या घातल्या. कंपनीनं गाणं घेतलंय ते तारप्यामुळं! मग म्हटलं, दिपकशी बोल, संगीत त्याच्या नावावर आहे."

त्यानं आपल्या फोनवर तो तुकडा वाजवून दाखवला. चाळीस सेकंद. पहिल्या क्षणालाच तारपा, मग ढोल, मग जयश्रीचा आवाज. गादी ठोकलेल्या त्या दारासमोर उभी राहून सुषमानं ते शेवटपर्यंत ऐकलं.

दहाला दिपक ठाण्यात आला, सुरजच्या मामाबरोबर. हा चिंचणीचा. बारा वर्षं तारापूरच्या एका कारखान्यात रात्रपाळी आणि दिवसा कीबोर्ड वाजवणं. डोळे सुजलेले. हातातला फोन बंद पडलेला, बसता बसता त्यानं रविंद्रकडं चार्जर मागितला. रविंद्रकडच्या दोन्ही पिना बसेनात.

"सुरजला कधीपासून ओळखता?"

"तीन वर्षं. मीच शिकवलं त्याला. धाकटा भाऊच होता माझा."

"काल कुठं होतात?"

"घरी. रात्रपाळी करून आलो होतो, झोपलो होतो. एकटाच राहतो, मॅडम, साक्षीदार कुठनं आणू?"

"स्टुडिओत शेवटचं कधी आलात?"

"शुक्रवारी."

"तारपा काढतोय असं सुरजनं सांगितलं?"

"सांगितलं. मी म्हटलं, तुझ्या मनाला पटेल ते कर. गाणं काय, दुसरं होईल."

"नाही, पण मला कळत नाही म्हणून विचारते. एका तारप्यासाठी एवढा गोंधळ? त्यात एवढं काय होतं?"

दिपकनं मान वर केली. रडवेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडा जीव आला. "तुम्ही ऐकायला पाहिजे, मॅडम. दुसरं कडवं संपतं, सगळं थांबतं. ढोल नाही, काही नाही. आणि त्या शांततेत तो म्हातारा फुंकतो. अंगावर काटा येतो हो. बारा वर्षांत माझ्या हातून एवढं एकच चांगलं काम झालं."

त्याचा आवाज चिरकला. सुषमानं त्याला पाणी दिलं, बसवून ठेवलं आणि जयश्रीला आत बोलावलं. ती तीन वर्षं या स्टुडिओत गातेय, लग्नसराईत नवऱ्याच्या बेंजो पार्टीबरोबर हिंडते.

"सुरज कसा होता कामाला?"

"कामाला चांगला. पण वेडा. जून महिन्यात वाऱ्यानं लाइट गेली आणि त्याचं पूर्ण गाणं गेलं, चार दिवसांचं. ढसाढसा रडला. तेव्हापासून एक ओळ झाली की सेव्ह, खोकलं की सेव्ह. आम्ही हसायचो त्याला. मी गायला तोंड उघडायचे आणि हा त्या बटणावर बोट ठेवून बसायचा."

"या गाण्यात तुम्ही कधी उचलता?"

"तारपा संपला की. सुरुवातीचा तारपा, मग दोन ठोके, मग मी."

"मधे कुठं परत येतो तो?"

"नाही. एकदाच. सुरुवातीला."

सुषमानं वहीत लिहिलं. तिनं मागची पानं उलटली, परत पुढं आली आणि उठली.

*

पालघरहून सायबरची शिपाई सुनिता साडेअकराला पोचली. बारीक, चष्मा लावलेली, बोलायला तुटक. कम्प्युटर ठाण्यात आणून ठेवला होता. तिनं आधी त्यातल्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल केली, मूळची डिस्क सीलबंद केली आणि मगच नक्कल चालू केली.

"मूळ कधीच उघडायचं नाही, मॅडम. उघडलं की ते स्वतःच काहीतरी बदलतं."

पडद्यावर प्रश्न आला. मागच्या वेळी हे काम नीट बंद झालं नव्हतं, अर्धवट राहिलेलं उघडायचं का? खाली दोन पर्याय.

"दोन्ही वेगवेगळे बघू," सुनिता म्हणाली.

आधी सेव्ह केलेलं गाणं. वेळ चार वाजून सहा मिनिटं. गाणं जयश्रीच्या आवाजानंच सुरू झालं. तारपा कुठंच नव्हता. दुसऱ्या कडव्यानंतर आठ मात्रांची कोरी जागा होती, तिथं काहीच भरलेलं नव्हतं.

"आता हे बघा." सुनितानं एक वेगळाच कप्पा उघडला. "सुरजनं जूनमध्ये हे लावून ठेवलंय. दर दोन मिनिटांनी कम्प्युटर आपणहून एक प्रत बाजूला काढतो. आपण सेव्ह करा न करा. पण बदल झाला असेल तरच. बदल नाही तर प्रत नाही."

प्रतींवर वेळा होत्या. चार बावीस, चार चोवीस, अशा करत शेवटची चार छत्तीस. पुढं काही नाही. वीज गेली चार एक्केचाळीसला.

"शेवटची लाव."

लावली. जयश्रीचा आवाज, ढोल, पहिलं कडवं, दुसरं कडवं. मग सगळं थांबलं आणि हाल्याबाबाचा तारपा सुरू झाला. ओट्यावरून रूपी उठून दारात आली, आत बघत राहिली.

सुषमानं तो तुकडा तीनदा ऐकला.

"हा तारपा आला कुठून? मूळचा तर त्यानं काढून पेन ड्राइव्हवर दिला होता."

"नाव बघा फाइलचं. फोनवरून घेतलाय. केबल लावून."

घड्याळात सव्वाबारा झाले होते. सुषमानं रविंद्रला हाक मारली. "तिघांना माझ्या खोलीत बसव. आणि काल ती केबल जप्त केली ना, ती आण."

*

किशोर खुर्चीत चुळबुळत होता, जयश्री पदर चावत होती, दिपक जमिनीकडं बघत होता. मोठे साहेब दारात हाताची घडी घालून उभे राहिले.

"काकड्यानं मारलं, हे आपण सगळ्यांनी काल ठरवून टाकलं," सुषमा म्हणाली. "मीही जवळजवळ ठरवलंच होतं. पण चार वाजून सहा मिनिटांनी सुरजनं तारपा काढून गाणं सेव्ह केलं. काकड्याला पाहिजे होतं ते मिळालं. पेन ड्राइव्ह घेऊन तो चार दहाला खाली उतरला, हे पांड्या सांगतो. त्यानंतर चार बावीसपासून चार छत्तीसपर्यंत कोणीतरी कम्प्युटरवर बसून तोच तारपा परत आत घातला. काकड्या घालेल?"

"त्याला माऊस धरता येत नाही," जयश्री पुटपुटली.

"माऊस धरता आला असता तरी हे त्यानं केलं नसतं. ज्याच्यासाठी तो भांडत होता त्याच्या बरोबर उलट काम आहे हे. मग सुरजनंच केलं असेल? जयश्रीबाई सांगतात, तो खोकला की सेव्ह करायचा. सेव्ह करायला दाबतात तो कीबोर्डवरचा एस त्यानं झिजवून टाकला. तोच पोरगा चौदा मिनिटं काम करतो आणि एकदाही सेव्ह करत नाही? नाही. त्या खुर्चीत तेव्हा दुसराच माणूस होता. काम येणारा, सुरजनं विश्वासानं बसू दिलेला आणि पांड्याच्या समोरून न जाता मागच्या जिन्यानं आलेला."

किशोरला घाम फुटला. "मी डहाणूत होतो! चाळीस माणसं—"

"होतात. सकाळीच चौकशी केली. तुम्हाला गाणं लवकर पाठवायचं होतं, बाकी तुम्हाला कसलंच सोयरसुतक नाही." मग तिनं आवाज खाली आणला. "दिपक, तारपा गाण्यात कुठं येतो?"

दिपकनं वर बघितलं नाही.

"सकाळी तर छान सांगितलंत मला. दुसरं कडवं संपतं, सगळं थांबतं आणि म्हातारा फुंकतो. काकड्यानं गाणं दुकानात ऐकलं, तारपा सुरुवातीला होता. किशोरच्या फोनवर मी स्वतः ऐकलं, सुरुवातीला. जयश्रीबाई हे गाणं गातायत, त्याही म्हणतात सुरुवातीला. दुसऱ्या कडव्यानंतरचा तारपा आख्ख्या जगात एकाच ठिकाणी आहे. काल चार छत्तीसला निघालेल्या त्या प्रतीत. ती सुरजनं कोणाला पाठवली नाही, चारनंतर त्याच्या फोनवरून एक कॉल नाही, एक मेसेज नाही. ती आज दुपारपर्यंत कोणी उघडलेली नव्हती. शुक्रवारनंतर तुम्ही स्टुडिओत पाऊल ठेवलं नाही म्हणता. मग तुम्ही ती ऐकलीत कुठं?"



सुषमानं केबल टेबलावर ठेवली. "तुमचा फोन द्या. सकाळपासून बंद आहे ना, चार्ज करू."

दिपकनं फोन दिला नाही. रविंद्रनं तो त्याच्या मुठीतून सोडवून घेतला. पिन बसली. थोड्या वेळानं पडद्यावर हिरवी खूण आली.

"सेव्ह केलंच नव्हतं मी," दिपक म्हणाला. इतक्या हळू, की साहेबांना पुढं यावं लागलं. "खाली उतरलो आणि तेवढ्यात लाइट गेली. म्हटलं, गेलं सगळं. दहा वेळा गेलंय माझं असंच. लाइट गेली की सेव्ह न केलेलं राहतं का कधी?"

"त्यानं जूनपासून सोय करून ठेवली होती."

"मला नाही बोलला कधी."

"काय झालं ते सांगा."

"मी नुसता दाखवायला गेलो होतो. म्हटलं, सुरुवातीला नको ना, काकड्याला ओळखू येऊ नये म्हणून मधे घालू. त्यानं बसू दिलं मला. घातलं. ऐकवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मॅडम, खोटं नाही सांगत. म्हणाला, दिपकदादा, याच्याइतकं सुंदर तू काही केलं नाहीस. पण मी शब्द दिलाय. बंद करतो, सेव्ह करू नकोस." दिपकनं तोंडावर हात फिरवला. "बारा वर्षं ती रात्रपाळी. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता, या गाण्यानंतर मुंबईला या. आणि हा माझ्या फोनची केबल काढायला वाकला. मला फक्त त्याला थांबवायचं होतं."

"थांबवलंत," सुषमा म्हणाली.

मोठ्या साहेबांनी रविंद्रला खूण केली आणि दिपकला बाहेर नेलं. जाताना ते सुषमाच्या टेबलाशी क्षणभर रेंगाळले, मग घसा खाकरून निघून गेले.

काकड्याला सोडायला आणखी तासभर गेला. कागद असतात. बाहेर आला तेव्हा रूपीनं त्याला वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिलं, कुठं मोडलंय का. त्यानं तिला बाजूला केलं आणि सुषमाला विचारलं, "सुरजच्या आईला सांगितलं?"

"सांगायला निघालेय."

"मी येतो."

रूपीनं त्याचा हात धरला. "कशाला? तिथली माणसं अजून तुलाच धरून बसली असतील. मारतील."

"मारू दे," काकड्या म्हणाला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

*

गंजाडला सुरजच्या घरी पोचायला चार वाजले. डहाणूच्या रुग्णालयातून सुरजला नुकतंच आणलं होतं. अंगणात माणसं दाटली होती. काकड्या जीपमधून उतरला तशी एकदम कुजबुज उठली, दोघंतिघं तरणे उठून उभे राहिले. सुषमा त्यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

सुरजची आई चिमी दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. केस मोकळे, डोळे कोरडे. सुषमा तिच्यासमोर उकिडवी बसली, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काकी, काकड्यानं नाही मारलं. सुरजनं त्याला दिलेला शब्द पाळला. तो शब्द मोडायला दुसरा आला होता, त्यानं मारलं."

"कोण?"

"दिपक."

चिमी तिच्याकडं बघत राहिली. नाव तिला ऐकू आलं नाही असं वाटून सुषमानं पुन्हा सांगितलं.

"दिपक?" चिमी म्हणाली. "चिंचणीचा? अगं, काल संध्याकाळपासून तो इथंच होता. सगळ्यांच्या आधी आला. मी पाणी घेत नव्हते तर त्यानं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाजलं. मी त्याला म्हटलं, आता तूच माझा सुरज." तिनं आपल्या ओठांवरून हाताची पाठ फिरवली, एकदा, दोनदा, मग जोरजोरात, ओठ सोलवटेपर्यंत. "मी प्यायले ते. त्याच्या हातानं प्यायले गं!"

बायकांनी तिचे हात धरले. ती ओरडली तेव्हा कुठं तिला पहिल्यांदा रडू फुटलं, आणि ते थांबेना.

तिरडी उचलायची वेळ झाली. तिघं पुढं झाले, चौथी जागा मोकळी होती. ती सकाळी दिपकनं मागून घेतली होती, असं मामा म्हणाला. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. काकड्या कुंपणापाशीच उभा होता, आत यायचा त्याला धीर नव्हता.

चिमीनं बायकांच्या हातातून एक हात सोडवला आणि त्याला बोलावलं.